गंजीला नाक हवं

आयुष्यभर काय केलंत असं कुणी विचारलं, की मी सांगतो, काडीकचरा सांभाळला. समोरचा हसतो. त्याला वाटतं, म्हातारा विनयाने बोलतोय. विनय कसला डोंबलाचा, मी खरं तेच सांगत असतो. एरंडोल तालुक्यातल्या एका कारखान्यात मी यार्डप्रमुख होतो आणि त्या यार्डात कपाशीच्या काड्यांशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

कारखाना पांढरा कोळसा बनवायचा. तो पांढरा नसतो आणि कोळसाही नसतो, पण नाव पडलं ते पडलं. कपाशीची शेवटची वेचणी झाली की शेतात वाळकी झाडं उभी राहतात. आमच्याकडे त्यांना पऱ्हाटी म्हणतात. ती उपटून आणायची, यंत्रात कुटून भुसा करायचा आणि तो भुसा जबर दाबाने साच्यातून रेटायचा. मनगटाएवढे जाड, तपकिरी, गुळगुळीत ओंडके बाहेर पडतात. त्यात गोंद नाही, डिंक नाही, दाबाच्या उष्णतेनेच भुसा भुशाला धरतो. तेलगिरण्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या बॉयलरात तो दगडी कोळशाच्या जागी जळायचा. नव्वदच्या सुमाराला हे आमच्या भागात अगदी नवं होतं. आम्ही काड्या विकत घेतो म्हटल्यावर शेतकरी एकमेकांकडे बघून हसायचे. बायका मात्र हसत नसत. आमच्या चुलीत मग काय घालायचं, असं त्या तोंडावर विचारायच्या.

आमचा माल खपवायलाही मलाच पाठवायचे. सोनगीरला एक तांबट होते, भांडी घडवणारे. मी त्यांच्या दुकानात नमुन्याचे चार ओंडके ठेवले. त्यांनी एक पेटवला, समोर पाट घेऊन बसले आणि तो विझेपर्यंत उठले नाहीत. मग म्हणाले, भट्टीला हा चालणार नाही, हा फार गुणी मुलगा आहे, भट्टीला थोडा द्वाड लागतो. पण अंघोळीच्या बंबाला उत्तम. पुढची कित्येक वर्षं त्यांच्या आळीतल्या सगळ्या बंबांना आमचाच माल जायचा. एवढा मोठा कारखाना आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सोनगीरच्या लोकांची अंघोळ.

आता धंद्याची खरी गोम सांगतो. यंत्र वर्षभर चालतं आणि पऱ्हाटी येते जेमतेम दोन-अडीच महिने. म्हणजे कला यंत्रात नाही, साठवणीत आहे. शेठजी पाहुण्यांना घेऊन यायचे ते थेट यंत्राकडे जायचे. पाहुणे ओंडका हातात घेऊन वा वा म्हणायचे. यार्डाकडे कुणी फिरकायचं नाही. तिथे आमच्या गंज्या असायच्या, साठ-साठ फूट लांब, दोन पुरुष उंच, ओळीने रचलेल्या, आणि त्या रचणारी होती शेवंताअक्का.

कारखान्याच्या पूर्वेच्या कुंपणाला लागून बौद्ध वस्ती होती, बावीस घरांची. अक्का तिथली. पन्नाशी उलटलेली, काटकुळी, लुगड्यावर नवऱ्याचा जुना खाकी सदरा चढवलेला. आमच्याकडे शेतावर जाणाऱ्या बायका असा पुरुषाचा सदरा घालतातच, ऊन लागत नाही आणि काटे टोचत नाहीत. तिच्या हाताखाली चौदा बायका. मी धुळ्याला डिप्लोमा करून, जिनिंगमध्ये चार वर्षं काढून आलेला, वय अठ्ठावीस, अंगात शहाणपण मावत नव्हतं. मला ती भाऊ म्हणायची आणि अरेतुरे करायची. पहिल्या आठवड्यात मला राग आला. नंतर तिने तुम्ही म्हटलं असतं तर मला भीती वाटली असती.

गाडी फाटकात आली की अक्का एक काडी ओढून काढायची, कानाजवळ नेऊन मोडायची आणि आवाज ऐकायची. वाळलेली पऱ्हाटी कडकन बोलते. ओली नुसती कण्हते. शेठजींनी ओलावा मोजायचं यंत्र आणलं होतं. मी ते दोन टोकांचं यंत्र काडीत खुपसून आकडा वाचेपर्यंत अक्काने गाडी परत पाठवलेली असायची. महिनाभर मी दोघांचे निकाल ताडून पाहिले. जिथे दोघांत फरक पडला तिथे यंत्रच चुकलं होतं. हे मी शेठजींना कळवलं नाही, कारण यंत्राची निवड माझी होती.

आणि तिची रचणी! बुडखे बाहेर, शेंडे आत, प्रत्येक थर किंचित बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे पाणी आत न मुरता ओघळून जावं. मध्ये दर दहा-बारा फुटांवर ती लाकडाचा एक जाड ओंडा उभा धरायला लावायची. भोवती गंजी वाढली की ओंडा वर ओढायचा, आणखी वाढली की आणखी ओढायचा. शेवटी तो काढून घेतला की गंजीच्या पोटापासून माथ्यापर्यंत एक पोकळी राहायची. तिला ती नाक म्हणायची. ढिगात ओल कोंडली की ढीग आतून तापतो, ऊब वाढत जाते, आणि एक दिवस आपोआप पेट घेतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. अक्काने ते वाचलेलं नव्हतं, पण नाकाशिवाय एकही गंजी तिने कधी बांधली नव्हती. या दोघांत शिकलेला कोण, हे तुम्हीच ठरवा.

आता आखाजीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खान्देशात खरा सण तोच. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. गावात पूर्वजांच्या नावाने नवी घागर भरतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल त्या दिवशी संपतं, आणि पुरुष पत्ते घेऊन बसतात. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माणूसही आखाजीला बसतो, त्याला कुणी नावं ठेवत नाही. साल संपलं की सालदार गेला, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या आत शेत मोकळं करून हवं असतं. शेवटच्या पंधरा दिवसांत आमच्या फाटकापासून डांबरी रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागायची.

त्या वर्षी पीक दांडगं होतं आणि यार्ड भरून गेलं. मोकळी जागा उरली ती फक्त पूर्वेच्या कुंपणाबाहेर, वस्तीला खेटून. अक्का नको म्हणाली. घरांजवळ गंजी नको, हे तिने दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, आखाजी झाली की आधी हीच गंजी कुटायला घेऊ, असं म्हणालो. गंजीचं एक टोक तिच्याच घरापासून जेमतेम पंधरा फुटांवर आलं.

त्याच गर्दीत गावातल्या नानांच्या सहा गाड्या आल्या. नाना म्हणजे मोठे शेतकरी, शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांची पऱ्हाटी हिरवट होती, घाईने उपटलेली, शिवाय वजन भरावं म्हणून वरून पाणी मारलेलं. अक्काने काडी मोडली आणि मान हलवली. नानांचा चेहरा पडला. मागे पन्नास गाड्या खोळंबलेल्या, नानांना नाही म्हणायची माझी हिंमत नाही. मी अक्काला बाजूला घेतलं आणि सहाही गाड्या आत सोडल्या. त्या कुंपणाबाहेरच्या गंजीतच गेल्या.

त्यानंतर दोन दिवस लागोपाठ अवकाळी सरी आल्या. माझी पाचावर धारण बसली. माल भिजला तर शेठजी मलाच धरणार. मी जळगावहून काळा प्लास्टिकचा कागद मागवला आणि ती गंजी वरपासून खालपर्यंत लपेटून दोरखंडाने आवळून टाकली. सगळी नाकं बंद. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती. एवढंच म्हणाली, "भाऊ, तिनं नाक दाबू नको." तिनं म्हणजे तिचं, गंजीचं.

मी तिला ओलाव्याचं शास्त्र समजावून सांगितलं. ती ऐकून घेऊन निघून गेली. आजही ते आठवलं की माझे कान गरम होतात.

आखाजीच्या दिवशी सकाळी, नुकतं उजाडलं होतं, कारखान्यातल्या माझ्या खोलीचं दार वाजलं. दारात अक्का, हातात सहा फुटी लोखंडी सळई. तिने सळई माझ्यापुढे केली. मी धरली आणि हात झटकून टाकला. चटकाच बसला. ती सळई तिने गंजीत खुपसून, घरी चहा ठेवून, चहा झाल्यावर काढली होती.

"भाऊ, गंजी पोटमा शिजी ऱ्हायनी," ती म्हणाली.

धावत गेलो. बाहेरून काही दिसत नव्हतं. पण कागदावर सगळीकडे दव होतं आणि मधल्या दहा-बारा फुटांत कागद ठणठणीत कोरडा होता. जवळ गेलं की गुऱ्हाळासारखा गोडसर वास येत होता. मी वस्तीकडे पाहिलं. जयंतीच्या निळ्या पताका अजून दारांवर होत्या. अंगणात पोरं झोपलेली. आमच्याकडे घागर नाही पण लेकी तर येतातच, असं अक्का म्हणायची, आणि तशा बावीसही घरांत लेकी आलेल्या होत्या. तिची स्वतःची लेक सुमन सुरतेहून तीन वर्षांनी आली होती, एका दिवसासाठी. दुसऱ्या दिवशी परत जाणार होती. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी पान हलत नाही, पण बारा वाजले की पश्चिमेचं वारं सुटतं. गंजीच्या पूर्वेला वस्ती. घरांच्या भिंती पऱ्हाटीच्याच कुडाच्या, छपरावर उसाचं पाचट. एक ठिणगी उडाली तर बावीस घरं जळायला अर्धा तासही लागला नसता. आणि ही होळी मी रचली होती.

शेठजींना फोन लावला. ते म्हणाले, उघडू नका, हवा लागली तर पेटेल, मी सोमवारी येतो. आगीच्या बंबाला फोन लावला. पलीकडच्याने विचारलं, आग लागली आहे का? मी म्हटलं, अजून नाही. तो म्हणाला, मग लागली की कळवा. लाल रंगाच्या वाळूच्या बादल्या आणायला गेलो तर त्यांतल्या चार बादल्या गड्यांनी चहा न्यायला पळवलेल्या. वीज गेलेली, मोटर बंद. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते खरंच.

मी अक्काला विचारलं, काय करू? हा प्रश्न मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा विचारला.

"आते उघडी तरी पेटी, नही उघडी तरी पेटी," ती म्हणाली. "पन उघडी तं आपला हातमा ऱ्हाई."

तिचा बेत साधा होता. पोटाला हात लावायचा नाही, त्याच्यावरचा कागदही काढायचा नाही. वस्तीकडचं टोक आधी मोकळं करायचं, म्हणजे घरं आणि आग यांच्यात मोकळी जमीन येईल. मग दुसरं टोक. पोट सगळ्यात शेवटी, भोवती काही उरलेलं नसताना. काढलेली पऱ्हाटी दक्षिणेच्या कोरड्या नाल्यात पांगवायची. आणि हे सगळं वारं सुटायच्या आत.

माझे गडी गावात निंबाखाली पत्त्यांवर होते. मी गेलो, हात जोडले. एक जण म्हणाला, एवढा डाव होऊ दे, साहेब. त्यांचं साल संपलेलं, मी त्यांचा कोण? परत आलो तेव्हा अक्का आणि तिच्या आठ-दहा बायका दोर कापत होत्या. एवढ्यांच्याने ते काम उरकणारं नव्हतं, हे तिलाही कळत होतं.

सुमन दारात उभी होती. नवी कोरी, जांभळ्या काठाची साडी, हातभर बांगड्या. तिने एकदा गंजीकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"माय, आबाना सदरा कोठे शे?" तिने विचारलं.

वापरातला सदरा अक्काच्या अंगात होता. सुमनने खुंटीवरचा धुवट काढला, नव्या साडीवर चढवला, पदर खोचला आणि आली. तिच्यामागे शेजारच्या घरातली लेक आली, भावाचा शर्ट घालून. मग पुढची. पाच-दहा मिनिटांत बावीस माहेरवाशिणी बाप-भावांचे सदरे चढवून गंजीवर होत्या. या सगळ्या पोरी लहानपणी लोकांच्या शेतांवर अक्काच्या हाताखाली काड्या रचत मोठ्या झालेल्या. कुणाला काही सांगावं लागलं नाही. वरच्या दोघी मोळी सोडवायच्या, खालची झेलायची, तिथून नाल्यापर्यंत हातोहात रांग. झोक्यावर म्हणायची गाणी त्या रांगेत सुरू झाली, कारण गाण्याने हात एका लयीत पडतात. मीही रांगेत होतो. दोनदा लय चुकलो आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. तासाभराने पत्त्यांवरचे गडी आले, मान खाली घालून. माहेरी आलेल्या लेकी राबताहेत आणि आपण पत्ते पिसतोय, हे त्यांना सोसलं नाही.

दहाच्या सुमाराला वस्तीकडची बाजू पूर्ण मोकळी झाली. अकरापर्यंत दुसरं टोक गेलं. मध्ये उरलं ते पोट, बैलगाडीएवढं, धुमसणारं. कारखान्याच्या टाकीतलं पाणी ओतून ओतून तळाला गेलं होतं. वस्तीतले सगळे हंडे रिकामे.

तेवढ्यात नाना आले, गाडीवर पाण्याची दोन पिंपं घेऊन. ही कुणाची पऱ्हाटी होती ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, अक्कालाही. अक्काने आकड्याने कागद ओढला. आत हवा गेली आणि तोपर्यंत काळ्या दिसणाऱ्या ढिगाच्या मधोमध लाल डोळा उघडला, मग ज्वाळा. मी मागे सरलो, कबूल करतो. अक्का आणि सुमन पुढे गेल्या. दोन्ही पिंपं त्यात गेली, चिखल गेला, वाळू गेली. तरी एका कोपऱ्यात निखारा फुलत होता आणि माझ्या गालाला पहिल्यांदा वारं लागलं.

नानांच्या गाडीत पुढे एक नवी मातीची घागर होती, दोऱ्याने सजवलेली, तोंडावर आंबा ठेवलेला. वडिलांच्या नावाने भरलेली ती घागर तशीच उचलून ते निघाले होते. नानांनी आंबा काढून गाडीत ठेवला, घागर दोन्ही हातांनी उचलली आणि निखाऱ्यावर रिती केली. नाना कुणाकडेच न बघता म्हणाले, "मना बाप कपाशीवालाच व्हता. त्याले समजी."

निखारा विझला. बारा वाजता पश्चिमेचं वारं सुटलं, नेहमीसारखं, आणि नुसती ओली राख उडवत राहिलं.

सोमवारी शेठजी आले. मी त्यांना एवढंच सांगितलं, की गंजी तापली होती, वेळेवर उघडली. पंधरा ऑगस्टला प्रसंगावधानाबद्दल त्यांनी माझा सत्कार केला आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. गंजी कुणी कुठे रचायला लावली, ओला माल कुणी घेतला, नाक कुणी दाबलं, हे मी बोललो नाही. अक्का मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. ते घड्याळ अजून माझ्या भिंतीवर आहे आणि दुर्दैवाने वेळ बरोबर दाखवतं. हे सगळं मी आज पहिल्यांदा लिहितोय. पुढच्या हंगामापासून एक केलं, फाटकावर अक्काचा शब्द शेवटचा. ती नाही म्हणाली की गाडी परत, मग ती कुणाचीही असो. नानांच्याही दोनदा गेल्या.

पण मला सांगायचं आहे ते त्याच आखाजीच्या संध्याकाळचं. मी वस्तीत गेलो. बायका ओट्यावर बसल्या होत्या, तोंडं काजळीने काळी, सुमनच्या नव्या साडीला तीन भोकं. मी माफी मागायला आलो होतो. अक्काने माझं काम सोपं केलं नाही.

"मनी पोर तीन सालमा एक दिवस उनी," ती म्हणाली. "तो दिवस तुनी काडीमा गया."

मला रडू आलं, आणि ते लपवायचीही अक्कल राहिली नाही. मग सुमन उठली, निंबाला बांधलेल्या झोक्यावर जाऊन बसली. दिवसभर त्याला कुणी शिवलंच नव्हतं.

"भाऊ, आते झोका दे," ती म्हणाली.

मी दिला. ती उतरली तर दुसरी बसली, मग तिसरी. माझी सुटका नव्हती. एकेकीला पन्नास झोके, अक्का ओट्यावरून मोजत होती आणि एखादा हलका गेला तर तो धरत नव्हती. बावीस लेकी झाल्या. माझे खांदे भरून आले, तळहाताला फोड आले. शेवटी त्यांनी अक्कालाही ओढून झोक्यावर बसवलं. खाकी सदऱ्यातली ती काटकुळी बाई निंबाच्या फांदीपर्यंत वर गेली आणि पोरीसारखी हसली. तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. शेडचे पत्रेही गेले. अक्का गेली. वस्ती मात्र आहे तिथेच आहे, आता पक्की, स्लॅबची घरं. सुमनचे केस पांढरे झालेत, पण त्या वर्षापासून तिने एकही आखाजी चुकवलेली नाही, आणि आदल्या दिवशी तिचा फोन ठरलेला.

"भाऊ, आखाजी उनी. येस ना?"

मी सकाळच्या एसटीने जातो. आता पन्नास होत नाहीत, दहा देतो. बाकीचे ती उधार लिहून ठेवते म्हणते.